खापरांचा नकाशा व अंतराची वजाबाकी

मनुष्याच्या नित्य वापरांतील वस्तूंपैकीं मातीच्या भांड्याइतकी अल्पमोली वस्तु दुसरी क्वचितच असेल. पण टिकाऊपणांत तिची बरोबरी करणारी वस्तुहि थोडीच आहे. लांकूड कुजतें, वस्त्र जीर्ण होऊन मातींत मिळतें, तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत जाऊन पुन्हां ओतलीं जातात. परंतु भाजलेल्या मातीचें भांडें फुटलें तरी त्याचें खापर नाश पावत नाहीं. तें कोणी उचलून नेत नाहीं, व आगींत पडलें तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं. म्हणून प्राचीन वस्तीच्या जागीं खणूं लागलें म्हणजे नाणें किंवा शिलालेख हातीं लागो वा न लागो, खापरांच्या मात्र पाट्यांमागून पाट्या भरतात.

कुंभाराची माती, घडण, रंग व नक्षी हीं प्रांतोप्रांतीं निरनिराळीं असतात. त्यामुळें कोणत्या तऱ्हेचें खापर कोठें सांपडलें हें टिपून त्याचा नकाशा काढण्याचा प्रघात संशोधकांत फार दिवसांचा आहे. नकाशा काढणें सोपें आहे. तो वाचणें मात्र कठीण. तो चुकीचा वाचला तर केवढा अनर्थ होतो, व बरोबर वाचण्यास शाळेंत शिकलेलें साधें गणित कसें उपयोगी पडतें, हें विद्यार्थिमित्रांस सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम अनर्थाविषयीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें गुस्टाफ कोसिना नांवाचे एक प्राध्यापक होते. इ. स. १९११ मध्यें जर्मन लोकांच्या मूळस्थानासंबंधानें लिहितांना त्यांनीं असा सिद्धान्त मांडला कीं, ज्या प्रदेशांत एका तऱ्हेच्या प्राचीन वस्तु सांपडतात व ज्याच्या सीमा ठळक दिसतात, तो प्रदेश सर्व काळीं एका विशिष्ट लोकसमाजाचाच असतो. पहिलें महायुद्ध संपून पोलंडच्या सीमा ठरत असतां, १९१९ मध्यें, विस्तुला नदीकांठचा प्रदेश ही जर्मनांची पुरातन भूमि आहे असें प्रतिपादन करणारी पुस्तिका त्यांनीं लिहिली. त्यांचेच एक शिष्य योझेफ कोस्तशेव्स्की हे पोलंडचे. त्यांनीं गुरूचीच पद्धति हातीं घेतली व त्या बाजूचे प्राचीन अवशेष स्लाव्ह लोकांच्या पूर्वजांचे आहेत असें ठरविलें. कोसिना १९३१ मध्यें वारले. पुढें नाझी राजवटीनें शेजाऱ्यांच्या भूमीवर हक्क सांगण्याकरितां त्यांच्या मताचा उपयोग केला. जी पद्धति गुरूस एक उत्तर देते व शिष्यास त्याच्या उलट उत्तर देते, तिच्यांत कोठें तरी दोष असला पाहिजे, हें सांगावयास नको.

तो दोष कोठें आहे? भांडें म्हणजे मनुष्य नव्हे. भांडें बाजारांत विकलें जातें, गाडींतून व नावेंतून परगांवीं जातें, लेकीबरोबर सासरीं जातें. शिवाय कोणतीहि वस्तु जेथें तयार होते तेथें पुष्कळ सांपडावी व दूर जावें तसतशी विरळ व्हावी, हें स्वाभाविकच आहे. त्याकरितां दोन निराळे समाज कल्पण्याचें कारण नाहीं. वाहतुकीचा खर्च व मोडतोड एवढीं कारणें पुरेशीं आहेत. प्रत्यक्षांत प्रमाण हळूहळू उतरत गेलेलें असतें; पण नकाशा काढणारा मनुष्य मध्येंच कोठें तरी लेखणीनें रेघ ओढतो, आणि मग ती रेघ जणूं जमिनीवरच होती असें लोकांस वाटूं लागतें. म्हणून पहिला नियम असा कीं, निव्वळ अंतरामुळें जेवढा फरक पडतो तेवढा अगोदर वजा करावा. मग जी बाकी उरेल तिचाच विचार करावा. आंकड्याबरोबर त्याचें ठिकाणहि हिशेबांत घेणाऱ्या या गणितास स्थलीय संख्याशास्त्र म्हणतां येईल. १९७६ मध्यें इयन हॉडर व क्लाइव्ह ऑर्टन या दोघां इंग्रज विद्वानांनीं पुराणवस्तुसंशोधनांतील त्याच्या उपयोगावर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य पायऱ्या आतां क्रमानें पाहूं.

पहिली पायरी मोजणीची. एका ठिकाणीं अमुक तऱ्हेचीं शंभर खापरें व दुसऱ्या ठिकाणीं दहा, एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. कारण पहिल्या ठिकाणीं दहापट जमीन खणलेली असूं शकेल. म्हणून एकंदर खापरांत त्या तऱ्हेचीं शेंकडा किती, हें काढावें लागतें. पण येथेंहि एक अडचण आहे. एक रांजण फुटला तर त्याचीं शंभर खापरें होतात, लहान पणती फुटली तर दोनच होतात. यावर एक उपाय असा कीं, भांड्याच्या कांठाचे तुकडे घेऊन प्रत्येक तुकडा पूर्ण वर्तुळाचा कितवा भाग आहे हें मोजावें. समजा, कांठाचे तीन तुकडे अनुक्रमें ९०, ४५ व २२५ अंशांचे आहेत. त्यांची बेरीज ३६० अंश, म्हणजे एक भांडें धरावें. तीं तिन्ही एकाच भांड्याचीं असलीं पाहिजेत असें नाहीं; तुलनेकरितां हें एक समान माप होतें इतकेंच. या मोजणीचा ऑर्टन यांनीं विशेष पुरस्कार केला. भूमितींतील कोनमापकाचा असाहि उपयोग होतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

थोड्या खापरांवर मोठें अनुमान बांधूं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. शेंकडा २० हें प्रमाण २५ खापरांवरून काढलें असेल, तर नुसत्या योगायोगानें पडणारा फरक सामान्यतः ८ चा असतो. म्हणजे खरें प्रमाण १२ किंवा २८ असलें तरी नवल नाहीं. तेंच प्रमाण ४०० खापरांवरून काढलें असेल, तर हा फरक २ वर येतो. खापरें सोळापट झालीं, व चुकीचा संभव चौथ्या हिश्श्यावर आला. हा वर्गमुळाचा नियम आहे.

दुसरी पायरी अंतराच्या रेषेची. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर भट्टीपासूनचें अंतर व उभ्या अक्षावर शेंकडा प्रमाण मांडावें. प्रत्येक गांवाचा एक बिंदु पडेल. या बिंदूंमधून अशी रेषा काढावी कीं, बिंदूंचें तिच्यापासूनचें जें उभें अंतर, त्याच्या वर्गांची बेरीज शक्य तितकी लहान व्हावी. समजा, ही रेषा असें सांगते कीं, भट्टीपासून १० मैलांवर २४, २० मैलांवर २०, ३० मैलांवर १६ व ४० मैलांवर १२, याप्रमाणें दर दहा मैलांस ४ नीं प्रमाण उतरतें. आतां ४० मैलांवरील एका गांवीं प्रत्यक्षांत १९ सांपडले; तेथें अपेक्षित १२ वजा जातां बाकी अधिक ७ राहिली. उलट २० मैलांवरील दुसऱ्या एका गांवीं १३ च सांपडले. तेथें अपेक्षा २० ची होती, म्हणून बाकी उणे ७. नुसते आंकडे पाहणारा म्हणेल कीं, या दोन गांवांत ६ चाच फरक आहे. बाकी पाहणाऱ्यास कळतें कीं, पहिल्या गांवीं माल पोंचण्यास कांहीं विशेष सोय होती व दुसऱ्यास कांहीं तरी अडथळा होता. खरी चौकशी येथून सुरू होते. (प्रत्यक्षांत हा उतार पुष्कळदां सरळ रेषेंत नसून आरंभीं जलद व पुढें मंद असतो, त्या वेळीं आंकड्यांऐवजीं त्यांचे लॉगॅरिदम घेतात. मुख्य विचारसरणी तीच.)

याचें एक उत्तम उदाहरण इंग्लंडांतील आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या व चवथ्या शतकांत ब्रिटन हा रोमन साम्राज्याचा प्रांत असतां, हल्लींच्या ऑक्सफर्ड शहराच्या आसमंतांत कुंभारांच्या पुष्कळ भट्ट्या चालू होत्या. तांबडा लेप दिलेले वाडगे व थाळ्या, तसेंच आंतून बारीक खडी बसविलेलीं वाटणाचीं पसरट भांडीं हा त्यांचा माल असे. दक्षिणेस साठएक मैलांवर न्यू फॉरेस्ट नांवाच्या अरण्यभागांत दुसऱ्या कुंभारांचा असाच मोठा धंदा होता. १९७४ मध्यें मायकेल फुलफर्ड व हॉडर यांनीं निरनिराळ्या स्थळीं सांपडलेल्या ऑक्सफर्डच्या मालाचें शेंकडा प्रमाण घेऊन त्याची अंतराशीं तुलना केली. अंतराबरोबर प्रमाण उतरतें, हें दिसलेंच. परंतु ज्या स्थळीं जलमार्गानें माल नेणें सोयीचें होतें, तीं स्थळें रेषेच्या वर राहत होतीं. जलमार्गाचीं स्थळें व खुष्कीच्या मार्गाचीं स्थळें वेगळीं करून मांडतांच कोडें सुटलें: पाण्यानें जाणारा माल जास्त दूरपर्यंत जास्त प्रमाणांत पोंचला होता. ऑक्सफर्ड हें थेम्स नदीच्या कांठीं आहे, हें भूगोलांत आपण शिकतोंच. डायोक्लेशियन बादशहानें इ. स. ३०१ मध्यें मालाचे व वाहतुकीचे कमाल दर ठरविणारा हुकूम काढला; त्यांतील दर पाहतां गाडींतून धान्य नेणें हें जहाजांतून नेण्यापेक्षां अनेक पटींनीं महाग होतें असें दिसतें. खापरांची बाकी व बादशहाचे दर, हे दोन अगदीं स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात. अंतर वजा केलें नसतें तर कोणी असेंहि म्हणालें असतें कीं, थेम्सच्या कांठचे लोक निराळ्या वंशाचे, म्हणून त्यांचीं भांडीं निराळीं!

तिसरी पायरी शेजाऱ्यांची. एखाद्या गांवची बाकी अधिक आली, तर ती योगायोगानेंहि येऊं शकते. परंतु लगतच्या पांचसहा गांवांची बाकी अधिक, व दुसऱ्या बाजूच्या पांचसहा गांवांची उणे, असें दिसलें तर त्याला कांहीं तरी कारण असावें. हें नुसत्या डोळ्यांनीं ठरविणें धोक्याचें असतें. कारण मनुष्याच्या डोळ्यास ढगांतहि हत्तीघोडे दिसतात. म्हणून १९५० मध्यें संख्याशास्त्रज्ञ पी. ए. पी. मोरन यांनीं एक माप सुचविलें. त्यांतील मर्म इतकेंच: प्रत्येक गांवची बाकी त्याच्या शेजारच्या गांवच्या बाकीनें गुणावी व सर्व गुणाकारांची बेरीज करावी. अधिक ७ व अधिक ५ यांचा गुणाकार अधिक ३५. उणे ७ व उणे ५ यांचाहि अधिक ३५. पण अधिक ७ व उणे ५ यांचा उणे ३५. शेजारीशेजारी सारखे असतील तर बेरीज मोठी अधिक येईल. गांवें कशीहि विखुरलेलीं असतील तर अधिक व उणे एकमेकांस खाऊन ती शून्याच्या आसपास राहील.

पण बेरीज किती आली म्हणजे ती मोठी म्हणावी? याची परीक्षा करण्याची रीति मोठी मनोरंजक आहे. सर्व गांवांच्या बाक्या चिठ्ठ्यांवर लिहाव्या, चिठ्ठ्या पिसाव्या, व त्या नकाशावरील गांवांवर कशाहि वांटून पुन्हां बेरीज करावी. असें हजारदां करावें. त्या हजारांत आपल्या खऱ्या बेरजेएवढी किंवा तीहून मोठी बेरीज दोनतीनदांच आली, तर खरी मांडणी निव्वळ योगायोगाची नसावी असें म्हणावें. ती तीनचारशें वेळां आली, तर नकाशांत अर्थ शोधीत बसूं नये. हें काम हातानें करण्यास आठवडे लागतील; गणकयंत्र तें क्षणांत करतें. पण यंत्र काय करीत आहे हें समजण्यास चिठ्ठ्यांचा खेळच पुरे. वर्गांत दहाबारा गांवांचा काल्पनिक नकाशा घेऊन तो अवश्य करून पाहावा.

अंतराचा नियम जेथें साफ मोडतो, तेथें तर जास्तच शिकावयास मिळतें. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यांत पूल नांवाचें बंदर आहे. त्याच्या आसपास रोमन अमदानींत हातानें घडविलेलीं व घोटून तकाकी आणलेलीं काळीं भांडीं तयार होत. हीं रोजच्या स्वयंपाकाचीं साधीं भांडीं. त्यांत चैनीचें कांहीं नाहीं. हेड्रियन बादशहानें उत्तर सीमेवर इ. स. १२२ मध्यें बांधावयास घेतलेली भिंत तेथून सरळ रेषेंत सुमारें तीनशें मैलांवर आहे. अंतराचा हिशेब पाहतां तेथें हीं भांडीं क्वचितच सांपडावीं, प्रत्यक्षांत इ. स. १२० च्या सुमारापासून सीमेवरील ठाण्यांत तीं मोठ्या संख्येनें सांपडतात. तीं तिकडच्याच कुंभारांनीं केलेली नक्कल तर नसतील ना? या शंकेचें उत्तर मातीनें दिलें. डेव्हिड पीकॉक व त्यांच्यामागून डेव्हिड विल्यम्स यांनीं खापरांतील वाळूचे जड कण वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तेव्हां त्यांत टूर्मलीन या खनिजाचें प्रमाण विशेष आढळलें, व तें पूल बंदराच्या बाजूच्या वाळूशीं जुळलें. म्हणजे माल खरोखरच दक्षिणेचा होता. सीमेवर हजारों शिपायांची छावणी होती. त्यांच्याकरितां होणाऱ्या पुरवठ्याबरोबर मडकींहि समुद्रमार्गानें गेलीं असें संशोधक मानतात. डॉर्सेटचे लोक उठून उत्तरेस राहावयास गेले, असें मात्र कोणी म्हणत नाहीं. येथें बाकी मोठी आहे. पण तिचा अर्थ वंश नव्हे, तर सरकारी खरेदी हा आहे.

मग बाकीवरून समाजासमाजांतील भेद कधींच दिसत नाहीं काय? दिसतो, पण तोहि आपण समजतों तसा साधा नसतो. हॉडर यांनीं केनिया देशांतील बारिंगो सरोवराच्या परिसरांत राहणाऱ्या जमातींच्या चालत्याबोलत्या जीवनाचा अभ्यास केला व १९८२ मध्यें तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. तेथें निरनिराळ्या जमातींचें एकमेकांकडे जाणेंयेणें होतें. तरीहि स्त्रियांच्या कानांतील दागिन्यांसारख्या कांहीं वस्तूंत सीमा अगदीं ठळक होती. उलट भाले व भोपळ्याचीं भांडीं यांच्या तऱ्हा तीच सीमा खुशाल ओलांडीत होत्या. यावरून दोन गोष्टी निघतात. दळणवळण असलें म्हणजे फरक पुसला जातोच असें नाहीं. कधीं कधीं जवळच्यांपासून आपलें निराळेपण दाखविण्याकरितांच लोक तो जपतात. आणि एका वस्तूची सीमा ती दुसऱ्या वस्तूची सीमा असतेच असें नाहीं. तेव्हां केवळ भांड्यांच्या नकाशावरून एखाद्या समाजाची भाषा, वंश किंवा भूमीवरील हक्क ठरविण्याचा अधिकार कोणासहि पोंचत नाहीं. गणित हें अनुमानाला लगाम घालतें. अनुमान करण्याचें काम शेवटीं मनुष्यालाच सावधपणें करावें लागतें.

महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांत संगमनेर तालुक्यांत प्रवरा नदीच्या कांठीं जोर्वें हें गांव आहे. तेथें १९५०-५१ मध्यें डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेल्या, चाकावर घडविलेल्या व चांगल्या भाजलेल्या ज्या प्राचीन भांड्यांना आज संशोधक जोर्वें भांडीं म्हणतात, त्यांना हें नांव याच गांवावरून मिळालें. नेवासें, दायमाबाद, इनामगांव अशा अनेक स्थळीं तीं सांपडलीं आहेत. गोदावरी, भीमा व तापी यांच्या खोऱ्यांत तीं विपुल आहेत. कोंकण किनाऱ्यावर तीं तशीं आढळत नाहींत. या नकाशाकडे पाहून लगेच "जोर्वें लोकांची सीमा" आंखण्यापूर्वीं वरील सर्व प्रश्न क्रमानें विचारले पाहिजेत. प्रत्येक स्थळीं प्रमाण किती व तें किती खापरांवरून काढलें? अंतर व घाटांची चढण यांचा हिशेब केला काय? बाकी शेजारीशेजारी सारखी राहते काय? आणि जेथें नकाशा कोरा दिसतो, तेथें खापरें नाहींत म्हणून तो कोरा आहे, कीं तेथें अद्यापि कोणी शोधलेंच नाहीं म्हणून? संशोधक नदीकांठानें हिंडले असतील तर स्थळेंहि नदीकांठींच सांपडणार. कोरा कागद हा पुरावा नव्हे.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. पांढरीच्या टेकाडावर किंवा नांगरलेल्या शेतांत जुनें खापर दिसलें तर मुलांस तें खिशांत घालून आणण्याचा मोह होतो. तो आवरावा. या लेखांतील सर्व गणित एकाच गोष्टीवर उभें आहे, व ती म्हणजे खापराचें ठिकाण. ठिकाणावरून उचललेलें खापर कपाटांत शोभेला राहील. पण त्याची नकाशावरील जागा कायमची रिकामी होईल. जेथें दिसलें तेथेंच तें राहूं द्यावें, वहींत गांव, शेत व दिवस टिपून ठेवावें, आणि शिक्षकांमार्फत पुराणवस्तु खात्यास कळवावें. संशोधनास विद्यार्थ्यानें करावयाचें हें पहिलें साहाय्य होय, व तें प्रत्येकाच्या आटोक्यांतलें आहे.